हलत्या कॅमेऱ्याचं कारण पटलं नाही

‘ब्लेअर विच’ या भयपटाचा दुसरा भाग आपटला, कारण त्यात पहिल्यासारखा हलता कॅमेरा नव्हता, असं लेखात म्हटलंय. नाही पटलं बुवा. हातातला कॅमेराच हवा होता, तर २०१६च्या भागात तो परत आला की! तरीही लोक थंडच राहिले.

१९९९चा पहिला भाग चालला तो प्रेक्षकांच्या अर्धवट विश्वासावर. मेरीलँडच्या जंगलात तीन पोरं हरवली, त्यांचं चित्रीकरण तेवढं सापडलं, ही थाप वेबसाइटवरून इतकी पद्धतशीर पसरवली होती की बऱ्याच जणांना ती खरी वाटली. त्या तिघा कलाकारांच्या मुलाखती झळकल्यावर तीच थाप दुसऱ्यांदा कोण पचवणार?

दुसऱ्या भागाचे दिग्दर्शक जो बर्लिंजर मुळात माहितीपटवाले. त्यांनी २०००च्या भागात गोष्टच अशी घेतली, की पहिला सिनेमा पाहून झपाटलेले चाहते त्यातल्याच बर्किट्सव्हिल गावी जाऊन पोचतात. यात अतिशयोक्ती फारशी नाही. त्या चिमुकल्या गावाच्या पाट्या चाहत्यांनी खरोखर पळवल्या होत्या! म्हणजे भुताला घाबरायला आलेल्यांना स्वतःचाच वेडेपणा बघावा लागला. राग येणारच.

सिनेमा थोर आहे असं माझं म्हणणं नाही. अभिनय लाकडी आहे, शेवट गोंधळलेला. पण रक्तपाताचे तुकडे स्टुडिओने नंतर घुसडायला लावले, असं बर्लिंजर यांनी जाहीरपणे सांगितलंय. लेखात त्यावर एक ओळही नाही, आणि सगळं खापर मात्र दिग्दर्शकाच्या डोक्यावर.