दुसऱ्या नंबरची पायरी

घरच्या ग्रुपवर परवा पुन्हा तोच वाद. २०२३ साली जंतरमंतरवर बसलेल्या पैलवान मुलींचा विषय निघाला आणि कोल्हापूरहून दादानं लिहिलं, "खेळाडूनं मैदानात बोलावं, रस्त्यावर नाही." तालमीच्या मातीत वाढलेल्या माणसानं हे लिहावं! लैंगिक छळाची तक्रार त्यांनी कुस्तीच्या डावात सांगायची होती का?

मी मेलबर्नला राहतो. इथं लेकसाइड स्टेडियमबाहेर ऑस्ट्रेलियन धावपटू पीटर नॉर्मनचा ब्राँझचा पुतळा आहे. रविवारी लेकची फेरी मारताना मी तिथं थांबतोच. १६ ऑक्टोबर १९६८, मेक्सिको ऑलिंपिक, पुरुषांची २०० मीटर. टॉमी स्मिथ १९.८३ सेकंदांत जिंकला, तो विश्वविक्रम. नॉर्मननं मागून येऊन शेवटच्या क्षणी जॉन कार्लोसला गाठून दुसरा नंबर घेतला : २०.०६. ही वेळ ऑस्ट्रेलियात ५६ वर्षं कुणाला मोडता आली नाही. डिसेंबर २०२४ मध्ये गाऊट गाऊट नावाच्या पोरानं २०.०४ काढली, तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. त्याचे आईवडील दक्षिण सुदानहून आलेले.

बक्षीस समारंभाचा फोटो सगळ्यांनी पाहिलाय. स्मिथ आणि कार्लोस हे दोघे काळे अमेरिकन वर्णद्वेषाचा निषेध करताहेत : स्मिथची उजवी मूठ वर, कार्लोसची डावी, कारण हातमोज्यांचा जोड एकच होता. पायात बूट नाहीत, नुसते काळे मोजे. पुढच्या गोऱ्या माणसाकडे, नॉर्मनकडे, मात्र कुणी नीट बघत नाही. त्याचे हात खाली आहेत, पण छातीवर त्या दोघांसारखाच मानवी हक्कांचा गोल बिल्ला आहे. अमेरिकेच्या रोइंग संघातल्या एकाकडून त्यानं तो ऐन वेळी मागून घेतला होता. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकला त्याला नेलं नाही. २००६ मध्ये तो गेला, तेव्हा स्मिथ आणि कार्लोस इथं येऊन त्याच्या शवपेटीला खांदा देऊन गेले.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. वर हेही लिहिलं, की आमच्याकडे २०१२ मध्ये संसदेनं त्याची माफी मागितली. दादाचं उत्तर लगेच आलं, "आमच्याकडे म्हणजे कुठं रे? आणि माणूस गेल्यावर सहा वर्षांनी मागितली ना?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. दादाला न सांगितलेली एक गोष्ट मात्र आठवली. इथल्या माझ्या पहिल्या नोकरीत, स्मोकोला, म्हणजे चहाच्या सुट्टीत, एकजण नव्या सुदानी पोराबद्दल घाणेरडं बोलला. ते पोरगं दारातच उभं होतं. त्यानं एकेकाच्या तोंडाकडे बघितलं, माझ्याकडे जरा जास्त वेळ. माझा पीआरचा, म्हणजे इथं कायम राहण्याच्या परवानगीचा, अर्ज तेव्हा आत होता. मी कपातली टी-बॅग दोऱ्यानं वरखाली करत राहिलो.

सॅन होजेच्या विद्यापीठात १९६८ च्या त्या क्षणाचं स्मारक आहे. त्यावर दुसऱ्या नंबरची पायरी रिकामी आहे. नॉर्मननंच ती तशी ठेवायला सांगितली होती, येणाऱ्यानं तिथं उभं राहावं म्हणून. माझी मुलगी कॅलिफोर्नियाला गेली, तेव्हा तिथं उभी राहून तिनं मला फोटो पाठवला. "बाबा, तुम्ही कधी येताय?" असं खाली लिहिलं होतं. मी अजून गेलेलो नाही.