ओढ्यापलीकडची शाळा आणि समितीची सही: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

इतकं सविस्तर लिहिलंत, आभार. आपण विस्तार अधिकारी म्हणून निवृत्त झालात, तेव्हा दोन ओळींत उत्तर देणं बरं वाटेना. आपलं म्हणणं असं की कमी पटाच्या शाळा वाचवायच्या नावाखाली शिक्षक स्वतःची नोकरी वाचवतात, खेड्यातल्या पालकांना शिक्षणातलं कळत नाही, आणि शाळा व्यवस्थापन समिती म्हणजे गावच्या राजकारणाचा आणखी एक अड्डा.

आधी शिक्षक. २५ सप्टेंबर २०२४ ला ते सामूहिक रजेवर गेले, तेव्हा त्यांना नोकरीची काळजी होतीच. पण त्याच महिन्यात शासनाने कमी पटाच्या शाळांत दोनपैकी एक शिक्षक कंत्राटी नेमायचं ठरवलं होतं. चार इयत्ता, दोन शिक्षक, आणि त्यातला एक कधी जाईल याचा भरवसा नाही, तर नुकसान मुलांचंच. म्हणून त्या दिवशी आम्ही पालक त्यांच्यासोबत होतो.

आता पालकांबद्दल. आमच्या वस्तीवरच्या शाळेच्या समितीत मी पालक सदस्य आहे. पहिल्या बैठकीला गेले तर इतिवृत्ताच्या वहीत ठराव आधीच लिहून ठेवलेला, खाली सह्यांसाठी रेघा आखलेल्या. आमची शाळा पुढच्या गावच्या शाळेत समायोजित करायला पालकांची हरकत नाही, असा ठराव. वही फिरत फिरत एका आईपाशी आली. तिला लिहिता येत नाही, म्हणून शाईचा पॅड पुढे सरकवला. तिने हात पदराखाली घेतला आणि विचारलं, "श्रावणात ओढा भरला की माझी पोरगी पलीकडं जायची कशी?"

कोणीच बोलेना. पहिली ते पाचवीच्या मुलांना एक किलोमीटरच्या आत शाळा हवी, असं नियमांत आहे. पण अंतर कागदावर मोजलं की मधला ओढा दिसत नाही, तो तिला दिसला. त्या दिवशी सही कोणीच केली नाही. शाळा अजून भरते, पट सतरा. त्या बाईला शिक्षणातलं कळत नाही, असं मी कसं म्हणू, सर?

असं फक्त आमच्याकडेच होतं असंही नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये इगतपुरी तालुक्यातल्या दरेवाडीची मुलं शाळा बंद झाली म्हणून नाशिकच्या जिल्हा परिषदेवर गेली होती. दप्तरं परत घ्या आणि आम्हाला शेळ्या द्या, ही त्यांची मागणी. शेळ्या सोबत घेऊनच निघाली होती.

समितीत राजकारण होतं, हे मान्य. अध्यक्षपदावरून आमच्याकडेही दोन गट पडले. पण २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम २१ आपल्याला पाठ असेल. किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक, निम्म्या महिला, वंचित आणि दुर्बल घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा, हे सगळं चोख लिहिलंय. आणि काम काय दिलं? देखरेख करा, अनुदानाचा खर्च बघा, विकास आराखडा तयार करून त्याची शिफारस करा. नुसती शिफारस! शिक्षक येणार की जाणार, शाळा राहणार की मिटणार, यातलं काहीच समितीच्या हातात नाही. निर्णयच घ्यायचा नसेल तर भांडायला मानपानच उरतो.

वरही तीच गत. २०२२ मध्ये राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली, निवडणुका झाल्या नाहीत, प्रशासक बसले. कमी पटाच्या शाळा एकत्र करून एक मोठी 'समूह शाळा' करायचं पत्र आणि कंपन्यांना, देणगीदारांना शाळा दत्तक द्यायची योजना, दोन्ही २०२३ मधली. त्या जिल्ह्यांत तेव्हा जिल्हा परिषदेच्या शिक्षण समितीवर लोकांनी निवडून दिलेलं कोणी नव्हतंच. पालकांनी दाद मागायची कुणाकडे?

आठ मुलांच्या शाळेत मुलांना सवंगडी मिळत नाहीत, खेळ होत नाहीत, हा आपला मुद्दा मला पटतो. काही ठिकाणी मुलं जवळच्या मोठ्या शाळेत जाणंच बरं असेल. पण ते पालकांनी ठरवावं, गाडीची सोय लेखी मिळाल्यावर, आणि ग्रामसभेत उघडपणे. समितीच्या ठरावाशिवाय एकाही शाळेला कुलूप लागू नये, एवढी सक्ती आम्ही मागतोय.

यंदाचा विकास आराखडा आम्ही पालक स्वतः लिहायला बसलो आहोत. स्वच्छतागृहाची दुरुस्ती आणि ओढ्यावरचा साकव यावर गाडी अडली आहे, कारण कुठला खर्च कुठल्या रकान्यात बसतो ते आम्हाला उमगत नाही. आपण या कागदांवर आयुष्य काढलंत. एखाद्या शनिवारी दुपारी याल का? गाडी अलीकडेच लावावी लागेल. सध्या ओढ्याला पाणी गुडघ्याच्या खाली आहे.