सतरंजी उचलणाऱ्याचं मत पाच हजाराला? एका प्रतिक्रियेला उत्तर

पक्षाचा उमेदवार पक्षाच्या कार्यकर्त्यांनी गुप्त मतदानाने ठरवावा, असं मी मागच्या लेखात मांडलं होतं. २०१४ च्या लोकसभेआधी काँग्रेसने देशातल्या मोजक्या मतदारसंघांत केलेला प्रायमरीचा, म्हणजे पक्षातच मतदान घेऊन उमेदवार ठरवण्याचा प्रयोग, त्यात आपल्याकडचे वर्धा आणि लातूर, हा त्या लेखाचा आधार होता. त्यावर एका वाचकांनी टोपणनावाने प्रतिक्रिया दिली आहे. ती लांब आहे, म्हणून गाभा त्यांच्याच शब्दांत देतो : "वर्ध्यात खासदाराचाच मुलगा निवडून आला आणि हरला, लातुरातही हरले, तिथेच तुमचा लेख संपला. सतरंज्या उचलणाऱ्याला मत दिलं की तो ते पाच हजाराला विकतो, हे खुर्चीत बसून लिहिणाऱ्यांना कळणार नाही. आणि कार्यकर्त्यांचं मतदान म्हणता, पण मतदान तर पदाधिकाऱ्यांनी केलं होतं."

शेवटचा मुद्दा बरोबर आहे. २०१४ च्या प्रायमरीच्या मतदारयादीत सगळे सदस्य नव्हते. ब्लॉक आणि जिल्हा पातळीचे पदाधिकारी, आजी-माजी लोकप्रतिनिधी, युवक आणि विद्यार्थी संघटनांची मंडळी अशी ती यादी होती. तिला 'कार्यकर्त्यांचं मतदान' म्हणणं सैल झालं. लेखात दुरुस्ती केली आहे. चूक दाखवल्याबद्दल आभार.

आता भाषेबद्दल. "सतरंज्या उचलणारा" हा शब्द आपण तीनदा वापरलात. माझं म्हणणं खोडायला त्याची गरज नव्हती. हा माणूस वर्षभर काय करतो ते एकदा लिहून ठेवतो, म्हणजे शब्द वापरताना पुढच्या वेळी हात थबकेल. मतदारयादीचा एक भाग म्हणजे साधारण हजार-बाराशे नावं. त्यात मेलेले कोण, लग्न होऊन गेलेल्या कोण, भाड्याचं घर सोडून कोण गेलं, अठरा पूर्ण कोणाची झाली हे त्याला तोंडपाठ असतं. नवीन नावाला फॉर्म ६, नाव वगळायला किंवा हरकतीला ७, पत्ता आणि दुरुस्तीला ८. पक्षाने नेमलेल्या बूथ एजंटला एरवी बीएलओकडे (आयोगाच्या बूथवरच्या अधिकाऱ्याकडे) दिवसाला दहाच फॉर्म देता येतात, म्हणून तो शेवटच्या आठवड्यावर काम ढकलत नाही. मतदानाच्या दिवशी नव्वद मिनिटं आधी तो केंद्रावर हजर असतो, कारण मॉक पोल, म्हणजे यंत्राची चाचणी, त्याच्यासमोर होतो. किमान पन्नास मतं टाकून, निकाल पाहून, यंत्र पुन्हा शून्यावर आणलं की नाही हे त्याने बघायचं असतं. संध्याकाळी १७ सी ची, म्हणजे केंद्रावर किती मतं पडली त्या हिशेबाच्या फॉर्मची, सहीची प्रत घेतल्याशिवाय तो उठत नाही, कारण मोजणीच्या दिवशी आकडा जुळला नाही तर तेवढा एकच कागद हातात असतो. सतरंजी तोही उचलतो. त्यात कमीपणा कसला?

आणि "खुर्चीत बसून". मी सात निवडणुकांत केंद्रावर एजंट होतो आणि तीन वेळा पक्षांतर्गत निवडणुकीच्या याद्या तपासल्या आहेत. यापेक्षा जास्त स्वतःबद्दल सांगायची गरज मला वाटत नाही. आपण टोपणनावामागे आहात, तेव्हा आपण कुठे बसून लिहिता ते विचारायची सोय मला नाही.

आता "पाच हजाराला विकतो" हे वाक्य. उत्तर या वाक्याला द्यायचं आहे, कारण हे म्हणणारे आपण एकटे नाही. जिल्हा कार्यालयात बसणारे अर्धे लोक हेच म्हणतात आणि त्याच वाक्याच्या जोरावर तिकीट आपल्या खिशात ठेवतात.

आपलाच आकडा घेऊ. यादीत सहाशे पदाधिकारी असतील आणि लढत सरळ असेल, तर बहुमत ३०१ चं. पाच हजाराप्रमाणे १५ लाख ५ हजार. विधानसभेच्या उमेदवाराची कायदेशीर खर्चमर्यादा ४० लाख आहे, हे लक्षात घेतलं की हा सौदा कोणत्याही पैसेवाल्याला परवडेल. इथपर्यंत आपण बरोबर. पण यादी सदस्यांची करा. विधानसभा मतदारसंघात तीनशे बूथ धरले आणि बूथमागे चाळीस खरे सदस्य धरले, तर बारा हजार मतदार झाले. आता ६,००१ मतं हवीत, म्हणजे ३ कोटी ५ हजार. शिवाय हे तिकिटाचे झाले, प्रचार पुढेच आहे. पैसा कमी पडत नाही असं म्हणणारे असतील, पण सहा हजार लोकांना पैसे पोचवायला मधे शंभर-दीडशे हात लागतात. त्यातला प्रत्येक हात थोडं ठेवून घेतो, आणि त्यातला एखादा विरोधी गटाचा निघतो. म्हणजे २०१४ ची यादी अपुरी होती म्हणून मतदान नको, हा निष्कर्ष उलटा आहे. यादी मोठी करायला हवी होती.

दुसरी गोष्ट. पैसे घेणारा मत देतोच असं नाही. विकत घेणाऱ्याला खात्री करून घ्यावी लागते. खात्री करता आली नाही तर पैसे पाण्यात. म्हणून खरी लढाई खात्रीच्या वाटा बुजवायची आहे, आणि त्या वाटा फार नाहीत. मोबाइलवर मतपत्रिकेचा फोटो ही सगळ्यात सोपी. त्यासाठी केंद्राच्या दारात पिशव्या आणि टोकन ठेवून फोन जमा करायचे, आत नेल्यावर "बंद ठेवा" म्हणून भागत नाही. मग खुणेची वाट : अमुक गावच्याने बरोबरच्या खुणेचं शेपूट लांब ओढायचं, तमुकने निळ्याऐवजी काळं पेन वापरायचं. यावर तोडगा म्हणजे पेन ऐवजी शिक्का, तोही केंद्रावरचाच. तिसरी वाट साखळीची. पहिला मतदार कोरी मतपत्रिका खिशात घालून बाहेर आणतो, दलाल ती बाहेर भरतो, दुसरा भरलेली पेटीत टाकतो आणि स्वतःची कोरी बाहेर आणून देतो. दिवसभर एकाच कोऱ्या कागदावर अख्खं केंद्र फिरवता येतं. हे रोखायचं तर मतपत्रिकेला फाडता येणारा क्रमांक हवा, देताना तो स्थळप्रतीवर लिहायचा, आणि पेटीत टाकण्याआधी केंद्राध्यक्षाने तोच क्रमांक आहे का ते पाहून तुकडा फाडून घ्यायचा. दिलेला आणि आलेला क्रमांक जुळला नाही की साखळी तिथेच तुटते.

सर्वांत मोठी वाट मात्र मोजणीची, आणि ती आपल्याकडे कोणी बघतच नाही. पेट्या तालुक्यागणिक मोजल्या की कोणत्या तालुक्याने किती दिले ते उघडं होतं. चाळीस मतांच्या तालुक्यात गुप्तता उरतेच कुठे? दुसऱ्या दिवशी तालुकाध्यक्षाला जाब विचारला जातो. विधानसभा-लोकसभेला फॉर्म २० मध्ये, म्हणजे निकालाच्या तक्त्यात, बूथवार आकडे येतात, तिथला हाच रोग आहे. निवडणूक आयोगाने त्यावर अनेक बूथची मतं एकत्र मोजणाऱ्या टोटलायझर यंत्राचा प्रस्ताव दिला होता, तो अजून अंमलात आलेला नाही. पण पक्षाला कोणाची परवानगी लागत नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये काँग्रेस अध्यक्षपदासाठी खर्गे आणि थरूर यांच्यात मतदान झालं तेव्हा राज्याराज्यांच्या मतपत्रिका दिल्लीत एकत्र मिसळून मग मोजल्या. कोणत्या राज्याने कोणाला किती दिले ते कळलं नाही. मधुसूदन मिस्त्री यांच्या निवडणूक प्राधिकरणाची ही एक गोष्ट तालुक्यापर्यंत उतरली तरी निम्मं काम होईल.

त्याच निवडणुकीतून दुसरंही शिकण्यासारखं आहे. आधी सूचना अशी होती की पसंतीच्या नावासमोर '१' लिहा. मतपत्रिकेवर पहिलं नाव खर्गे यांचं होतं, गोंधळ होईल अशी हरकत थरूर यांच्या बाजूने आली, आणि '१' ऐवजी बरोबरची खूण करा असं ठरलं. तरीही ९,३८५ मतांपैकी ४१६ बाद झाली. खर्गे ७,८९७, थरूर १,०७२. मतदार सगळे प्रदेश प्रतिनिधी, मुरलेले लोक, आणि तरी शंभरात चारहून जास्त मतं बाद. म्हणून नमुना मतपत्रिका दहा दिवस आधी वाटा आणि बाद कशाने होते ते तिच्यावरच छापा, असं मी लेखात लिहिलं होतं. आपण त्याला "कागदी घोडे" म्हणालात. थरूर यांच्या बाजूची एक तक्रार प्रतिनिधींच्या याद्या अपुऱ्या असल्याची होती, हे आठवत असेल तर हे घोडे कागदी नाहीत हेही कळेल.

मला राग आला तो यासाठी की खरा रोग जिथे आहे तिथे आपण बोट ठेवलंच नाही. मत विकत घेण्यापेक्षा मतदार विकत घेणं सोपं आहे. माजी मुख्य निवडणूक आयुक्त लिंगडोह आणि आयोगाचे माजी अधिकारी के. जे. राव यांच्या 'फेम' संस्थेच्या देखरेखीखाली युवक काँग्रेसच्या अंतर्गत निवडणुका सुरू झाल्या, तेव्हा हेच पुढे आलं. ज्याच्या घरात पैसा त्याने सदस्यत्वाची वर्गणी स्वतः भरून हजारोंनी सदस्य नोंदवले. पेटी स्वच्छ, मोजणी स्वच्छ, यादी सडलेली. आता अनेक पक्ष मिस्ड कॉल आणि ॲपवर सदस्य करतात, त्यात तर नाव आणि माणूस यांची गाठच पडत नाही.

यादी सडलेली आहे की नाही ते तासाभरात कळतं, फक्त बघायची इच्छा हवी. पावतीपुस्तकाच्या स्थळप्रती घ्या. पुस्तकभर एकच अक्षर आणि एकच पेन दिसलं तर पहिली शंका. नावं मतदारयादीच्या अनुक्रमाने, घर क्रमांकाने एकामागून एक आली असतील तर कोणी यादी समोर ठेवून उतरवली आहे, दारोदार फिरणाऱ्याची नावं अशी येत नाहीत, त्यात उड्या असतात. एकच मोबाइल नंबर चार-पाच नावांपुढे असेल तर घरचा म्हणून सोडा, पंधरा नावांपुढे असेल तर पुस्तक बाजूला काढा. मग हजारातल्या पन्नासांना फोन करा आणि फक्त विचारा, तुम्ही वर्गणी किती आणि कोणाकडे दिली? पन्नासातल्या दहाजणांनाही सांगता आलं नाही तर ती हजार नावं पुन्हा घरोघर पडताळावी लागतील.

आणि सगळ्यात महत्त्वाची ती मुदत. मतदान जाहीर झाल्यावर केलेल्या सदस्याला त्या वेळी मत नाही. जाहीर होण्याआधी किमान सहा महिने ज्याचं नाव आहे तोच मतदार. यादी तालुका कार्यालयाच्या भिंतीवर दहा दिवस लावायची, हरकती लेखी घ्यायच्या, निकालही लेखी द्यायचा. नावापुढे मतदार ओळखपत्राचा क्रमांक नसेल तर नाव नाही. हे कायद्याने कोणी करायला लावत नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९-अ ने पक्षाची नोंदणी होते, पण उमेदवार कसा निवडावा याबद्दल तो कायदा गप्प आहे, आणि पक्षांतर्गत मतदानात पैसे वाटले तर तो या कायद्याखालचा भ्रष्ट आचार ठरत नाही. जर्मनीत उमेदवार सदस्यांनी किंवा त्यांच्या प्रतिनिधींनी गुप्त मतदानानेच निवडायचा असं निवडणूक कायद्यातच लिहिलं आहे. आपल्याकडे ते पक्षाच्या घटनेत लिहून घ्यावं लागेल, म्हणजे कार्यकर्त्यालाच भांडावं लागेल.

मतदान नको म्हणणाऱ्यांनी सध्याची पद्धत काय आहे तेही बोलावं. सध्या सगळं एका कागदावर असतं, तो म्हणजे पक्षाचा अधिकृत उमेदवार कोण हे सांगणारा बी फॉर्म. ए फॉर्ममध्ये सह्या करायचा अधिकार कोणाला ते असतं, बी मध्ये उमेदवाराचं नाव. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत तो निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे पोचला पाहिजे, सही शाईची पाहिजे, रबरी शिक्का किंवा फॅक्स चालत नाही. म्हणून अडीच वाजेपर्यंत फॉर्म दाबून ठेवला जातो, म्हणजे डावललेल्याला दुसरी वाट शोधायला वेळ उरत नाही. दोघांना बी फॉर्म गेले आणि आधीचा रद्द केल्याचं नंतरच्यात लिहिलं नाही, तर ज्याचा अर्ज आधी दाखल झाला त्याचाच फॉर्म धरला जातो. आणि अनुभवी माणूस विधानसभेला दोन अर्ज भरतो, एक पक्षाचा म्हणून आणि एक अपक्ष म्हणून. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक (अर्जावर सही करणारा मतदार) पुरतो, अपक्षाला दहा लागतात. एका सूचकावर पक्षाचा म्हणून अर्ज भरला आणि बी फॉर्म आलाच नाही, तर छाननीत अर्ज बाद होतो. पंधरा वर्षं बूथ सांभाळलेला माणूस अपक्षही उभा राहू शकत नाही, कारण त्याने पक्षावर विश्वास ठेवून दहा सूचक गोळा केले नव्हते. या पद्धतीत पाच हजाराला मत विकत घ्यावं लागत नाही हे खरं आहे. इथे एकाच सहीशी बोलायचं असतं.

वर्धा आणि लातूरच्या पराभवांबद्दल थोडक्यात. २०१४ ला राज्यात काँग्रेसच्या दोनच जागा आल्या, नांदेड आणि हिंगोली. २०१९ ला प्रायमरी नव्हती, वर्ध्यात चारुलता टोकस आणि लातुरात मच्छिंद्र कामंत उभे होते, तेही हरले. वर्ध्याचे तेव्हाचे खासदार दत्ता मेघे यांचं कुटुंब २०१४ च्या निकालानंतर काही महिन्यांतच भाजपमध्ये गेलं, हे आपण ठासून सांगितलंत. मान्य. तिकीट दिल्लीहून आलं असतं तर ते गेले नसते, असं आपलं म्हणणं आहे का? वडोदऱ्यात तर मतदानाने निवडलेले नरेंद्र रावत यांना, मोदी उभे राहणार म्हटल्यावर मागे घेऊन मिस्त्री यांना उभं केलं. तो प्रकार मला सगळ्यात जास्त टोचतो, कारण पदाधिकाऱ्यांनी मतदानाने दिलेला कौल वरून बदलता येतो हे पक्षाने तेव्हाच दाखवून दिलं. आपल्या प्रतिक्रियेत त्याचा एका अक्षराने उल्लेख नाही.

घराणेशाहीवरचा आपला शेवटचा परिच्छेद माझ्या लेखाबद्दल नाही, त्याला उत्तर देत नाही. तो काढलेला नाही, जसा आहे तसा ठेवला आहे. आपल्या तालुक्यात सदस्यांची यादी भिंतीवर लागली असेल तर तिचे फोटो पाठवा, वर सांगितल्याप्रमाणे तपासून जे निघेल ते इथेच लिहीन.