मंदगती संगणकाचे जतन कसे करावे

आपला संगणक सुरू व्हायला पाच-सात मिनिटे लागतात, अशी आपली तक्रार असेल, तर सर्वप्रथम आपले अभिनंदन केले पाहिजे. एवढी मंदगती एका दिवसात लाभत नाही. प्रत्येक नवा प्रोग्राम बसवताना डोळे मिटून दाबलेले ‘नेक्स्ट’, ‘संगणक सुरू होताच मलाही सुरू करा’ या चौकटीत आधीपासूनच असलेली आणि आपण मोठ्या मनाने तशीच राहू दिलेली खूण, केव्हाच भंगारात गेलेल्या प्रिंटरचा अजूनही रोज कामावर हजर होणारा मदतनीस प्रोग्राम, अशा कित्येक वर्षांच्या संचितातून ती आकाराला येते. ही पुंजी एखादी उत्साही भाची अर्ध्या तासात उधळून टाकू शकते. तसे होऊ नये म्हणून काही पथ्ये इथे सांगत आहे. ती निष्ठेने पाळल्यास आपल्या संगणकाची गती कोणीही वाढवू शकणार नाही, याची मी खात्री देतो.

पहिले आणि सर्वांत महत्त्वाचे पथ्य म्हणजे मोजमाप टाळणे. ‘फार वेळ लागतो’ एवढे निदान पुरेसे मानावे; घड्याळ घेऊन बसू नये. घड्याळ लावले की उशीर नेमका कुठे होतो, हा गैरसोयीचा प्रश्न उभा राहतो. बटण दाबल्यापासून विंडोजची हालचाल दिसू लागेपर्यंतचा वेळ विंडोजचा नसतोच. तेव्हा मदरबोर्डवरचे यूईएफआय, किंवा जुन्या यंत्रांत बायोस, हे विंडोजच्याही आधी जागे होणारे सॉफ्टवेअर जोडलेली सामग्री तपासत असते आणि कधीकधी यूएसबीला लावून विसरलेल्या पेन ड्राइव्हमध्ये किंवा थेट नेटवर्कवर एखादी कार्यप्रणाली सापडते का, हे शोधण्यात रमलेले असते. तिथपासून पासवर्ड विचारेपर्यंतचा वेळ प्रामुख्याने कर्नेल (कार्यप्रणालीचा गाभा), ड्रायव्हर (यंत्राचे भाग चालवणारे प्रोग्राम) आणि सेवा (पडद्याआड चालणारे प्रोग्राम) यांचा. पासवर्ड दिल्यानंतर माउसचा बाण हलतो, पण काहीच उघडत नाही, तो काळ बहुतांशी आपण स्वतः गोळा केलेल्या प्रोग्रामांचा. ही तीन निरनिराळी दुखणी आहेत. पहिल्या टप्प्यातच दोन मिनिटे जात असतील, तर विंडोजमधून काहीही पुसून उपयोग होत नाही. पण हे ठाऊक नसते म्हणूनच तर पुसण्याचा आनंद निर्भेळ राहतो.

दुर्दैवाने संगणक स्वतःच ही मोजमापे करून ठेवतो, त्यामुळे काही जागांकडे आपल्याला कटाक्षाने दुर्लक्ष करावे लागेल. चालू असलेले प्रोग्राम दाखवणाऱ्या टास्क मॅनेजरच्या ‘स्टार्टअप’ पानावर वरच्या बाजूला ‘लास्ट बायोस टाइम’ म्हणून पहिल्या टप्प्याचे सेकंद दिलेले असतात. तिकडे नजर जाऊ देऊ नका. त्याहून घातक जागा म्हणजे विंडोजच्या घडामोडींच्या नोंदी दाखवणारा ‘इव्हेंट व्ह्यूअर’. २००७ मध्ये सर्वांसाठी बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टापासून त्यात ‘डायग्नोस्टिक्स-परफॉर्मन्स’ नावाची एक नोंदवही आहे. तिच्यातील १०० क्रमांकाची नोंद संगणक सुरू व्हायला किती मिलिसेकंद लागले ते सांगते. आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ खाणारा प्रोग्राम असेल तर १०१, ड्रायव्हर असेल तर १०२, सेवा असेल तर १०३ या क्रमांकाखाली ती नोंदवही त्याचे नाव लिहून ठेवते. आरोपीचे नाव असे घरातच मिळू लागले, तर काखेतला कळसा विसरून गावाला वळसा घालण्याची मजाच संपेल. लिनक्स वापरणाऱ्यांची तर आणखीच पंचाईत आहे, कारण त्यांच्याकडे हेच काम करणाऱ्या आज्ञेचे नावच ‘सिस्टमडी-अ‍ॅनालाइझ ब्लेम’ असे आहे. दोषारोपाची इतकी उघड सोय सभ्य माणसांनी वापरू नये.

मोजमाप टळले की उपचारांना रान मोकळे मिळते. डेस्कटॉपवर उजवे बटण दाबून दहा-बारा वेळा ‘रिफ्रेश’ करणे हा त्यांतला सर्वांत निरुपद्रवी उपचार. त्याने मेमरी मोकळी होत नाही की कसली सफाई होत नाही. पडद्यावरची चिन्हे तेवढी पुन्हा रेखाटली जातात. तरी तो सोडू नये, मनगटाला व्यायाम होतो.

त्याहून फलदायी उपचार म्हणजे ‘प्रीफेच’ फोल्डर रिकामे करणे. २००१ सालच्या एक्सपीपासून विंडोज एक हुशारी करत आले आहे: सुरू होताना कोणत्या फायलींचे कोणते तुकडे लागले, याचे टिपण ते या फोल्डरमध्ये ठेवते आणि पुढच्या वेळी ते तुकडे मागणी येण्याआधीच उचलून आणते. हे टिपण म्हणजे निव्वळ कचरा आहे असे समजून पुसून टाकावे. पुढच्या खेपेला संगणकाला सगळी वाट चाचपडत शोधावी लागेल आणि तो आणखी रेंगाळेल. मग काही दिवसांत तो नवे टिपण तयार करील आणि मूळ गतीवर येईल. नेमक्या त्याच वेळी आपण चारचौघांना सांगावे, की प्रीफेच पुसल्यापासून खूपच फरक पडला आहे. हा उपचार इतकी वर्षे टिकून राहिला, त्यामागे माझ्या मते हेच गुपित आहे. आधी दुखणे द्यायचे आणि ते ओसरले की बरे केल्याचे श्रेय घ्यायचे.

विंडोज कसे सुरू व्हावे हे ठरवणाऱ्या ‘एमएसकॉन्फिग’मध्ये प्रोसेसरांची संख्या निवडण्याची एक चौकट आहे. ती मोकळी असताना विंडोज प्रोसेसरमध्ये असतील तेवढे सगळे कोअर (काम करणारे गाभे) वापरतेच. तिथे खूण करून सर्वांत मोठा आकडा निवडला, की जे आधीपासून मिळत होते तेच मिळते. हात घसरून १ निवडला गेला, तर मात्र या लेखाचा हेतू पूर्णपणे सफल होतो.

रजिस्ट्री, म्हणजे विंडोज आणि प्रोग्रामांच्या सेटिंग्जची नोंदवही, साफ करणारा प्रोग्राम तर प्रत्येक मंदगती संगणकावर हवाच. विंडोज ज्यांनी तयार केले ती मायक्रोसॉफ्ट कंपनी अशा प्रोग्रामांच्या वापराला आपला पाठिंबा नाही असे सांगते, पण बनवणाऱ्यापेक्षा आपल्याला अधिक कळते, हा विश्वास सोडू नये. तो प्रोग्राम शेकडो ‘चुका’ लाल अक्षरांत दाखवतो. रजिस्ट्रीत नोंदी लाखांच्या घरात असतात आणि विंडोज त्यांपैकी हव्या त्याच नोंदी काढून पाहते, त्यामुळे त्या शेकडो नोंदी गेल्याने गतीत जाणवण्यासारखा फरक पडत नाही. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असे कोणी म्हणाल्यास मनावर घेऊ नका. खरा लाभ वेगळाच आहे: हा सफाई कामगार स्वतःच बहुधा सुरुवातीच्या यादीत नाव घालून घेतो आणि उद्यापासून आपल्या रांगेत आणखी एक जण उभा राहतो. असाच लाभ दोन अँटिव्हायरस एकदम बसवल्याने होतो. उघडणारी प्रत्येक फाइल मग दोनदा तपासली जाते आणि दोन्ही पहारेकरी एकमेकांच्या हालचालींकडेही संशयाने पाहू लागतात.

आता संगणक बंद करण्याविषयी. रोज रात्री ‘शट डाउन’ करावे आणि ‘रिस्टार्ट’ला कधीही हात लावू नये. पूर्वी या दोहोंत फारसा फरक नव्हता. २०१२ मध्ये आलेल्या विंडोज ८ पासून मात्र ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आहे, आणि ती चालू असताना आपण शट डाउन केले, तरी कर्नेल आणि ड्रायव्हर खऱ्या अर्थाने बंद होत नाहीत. त्यांची त्या क्षणाची अवस्था ‘हायबरफिल’ नावाच्या फायलीत जशीच्या तशी लिहून ठेवली जाते आणि सकाळी तीच उचलून मेमरीत भरली जाते. म्हणजे तीन आठवड्यांपूर्वी बिघडलेला ड्रायव्हर आपण रोज रात्री अदबीने निजवतो आणि सकाळी त्याच बिघाडासह उठवतो. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरच्या आलेखाखाली ‘अप टाइम’ पाहिला, तर रोज बंद होणारा संगणक वीस-वीस दिवस अखंड जागा असल्याचे तिथे लिहिलेले आढळू शकते. सगळे पहिल्यापासून सुरू होते ते रिस्टार्ट केल्यावर, किंवा शिफ्टची कळ दाबून धरून शट डाउन केल्यावर. ‘बंद करून परत चालू केले, तरी फरक नाही’ हे वाक्य आपल्याला पुढेही प्रामाणिकपणे उच्चारता यावे असे वाटत असेल, तर या दोन्हींपासून दूर राहा.

जतन करण्यासारखा खरा ठेवा मात्र या सगळ्याच्या खाली, खोक्याच्या पोटात गरगरत असतो. फिरती हार्ड डिस्क अजून शाबूत असेल, तर बाकी सगळी पथ्ये मोडली तरी चालतील. मिनिटाला ५,४०० फेरे घेणाऱ्या डिस्कला एका फेऱ्यासाठी सुमारे ११ मिलिसेकंद लागतात. हवा तो तुकडा हेडखाली, म्हणजे वाचणाऱ्या टोकाखाली, येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा थांबावे लागते, आणि त्याआधी हेड योग्य वर्तुळावर नेण्यात आणखी दहाएक मिलिसेकंद जातात. म्हणजे विखुरलेले तुकडे वाचायचे, तर सेकंदाला साठ-सत्तरच हाती लागतात. संगणक सुरू होताना असे तुकडे हजारोंनी लागतात, तेव्हा प्रोसेसर कितीही चपळ असला, तरी तो हात बांधून उभा राहतो. १९५६ मध्ये आयबीएमने रामॅक यंत्राबरोबर पहिली हार्ड डिस्क आणली, तेव्हा हेड जागेवर न्यायलाच सरासरी ६०० मिलिसेकंद लागत. तिथून दहापर्यंत प्रगती झाली आणि गाडी अडली. मिनिटाला ७,२०० फेऱ्यांची डिस्क १९९२ मध्ये आली आणि घरगुती संगणकांतील फिरत्या डिस्का आजही सहसा त्याहून वेगाने फिरत नाहीत. चिपांवर माहिती साठवणाऱ्या एसएसडीत फिरायला काही नसतेच, म्हणून ती तोच तुकडा एका मिलिसेकंदाच्या दहाव्या भागात किंवा त्याहूनही लवकर काढून देते. डिस्क बदलली, तर पाच मिनिटांचे काम बहुधा अर्ध्या मिनिटाच्या आत उरकते. यापासून सावध राहावे. रॅम वाढवावी, प्रोसेसर बदलावा, ग्राफिक्स कार्ड घ्यावे, खोक्यात रंगीत दिवे बसवावेत, पण डिस्कला हात लावू नये.

आणि कोणी न विचारता एसएसडी बसवूनच टाकली, तर तिचे रोज डीफ्रॅगमेंटेशन करावे. विखुरलेले तुकडे शेजारी आणण्याचा हा उद्योग हेडची धावपळ वाचवण्यासाठी होता. जिथे हेडच नाही, तिथे त्याने वेळ वाचत नाही, लिहिण्याने झिजणाऱ्या पेशी मात्र वेळेआधी झिजतात. विंडोजला एसएसडी ओळखता येते आणि ते आपणहून तिला सहसा ‘ट्रिम’ची, म्हणजे कोणत्या जागा आता मोकळ्या आहेत याची, सूचना देऊन गप्प बसते, त्यामुळे या कामासाठी बाहेरचा प्रोग्राम शोधावा लागेल.

एका ठिकाणी मला उपरोध आवरता घ्यावा लागतो. कालपर्यंत बरा चालणारा संगणक अचानक मंदावला असेल, डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल, किंवा तिच्या ‘स्मार्ट’ नोंदीत, म्हणजे डिस्क स्वतःच्या प्रकृतीची ठेवते त्या नोंदीत, बदली जागेवर हलवलेल्या सेक्टरांचा (डिस्कवरच्या छोट्या कप्प्यांचा) आकडा वाढत असेल, तर डिस्क मरणपंथाला लागलेली असण्याची शक्यता आहे. गतीचे नंतर पाहू; आधी फोटो आणि कागदपत्रे दुसरीकडे उतरवून घ्या. उतरवलीत? मग पुढे जाऊ.

शेवटचे पथ्य त्या स्टार्टअप यादीचे. तिथे प्रत्येक नावापुढे परिणामाची प्रतवारी असते. सुरू होताना प्रोसेसरचा एक सेकंदाहून अधिक वेळ खाणाऱ्या किंवा डिस्कवरून ३ एमबीहून अधिक वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या प्रोग्रामला ‘हाय’ हा किताब मिळतो. त्या किताबाचे मानकरी कोण आहेत, हे पाहिले तर आपण वर्षभर न उघडलेला खेळ, बैठका नसतानाही दारात उभा राहणारा बैठकांचा प्रोग्राम आणि एकट्याला पुरेल एवढे काम वाटून घेणारे चार अपडेटर आढळतील. ‘डिसेबल’ म्हटल्याने यांतला एकही प्रोग्राम नाहीसा होत नाही, तो फक्त हाक मारेपर्यंत थांबतो आणि ‘एनेबल’ म्हटले की पूर्ववत होतो. पण आपण मात्र असे काही केल्यास संगणक कायमचा बंद पडेल, अशी भीती मनात जागती ठेवावी.

एवढे सगळे करूनही एखाद्या सकाळी संयम सुटलाच, तर सरळ नवा संगणक घ्यावा. पहिल्याच संध्याकाळी जुन्यावरचे सगळे प्रोग्राम, दोन्ही अँटिव्हायरस, रजिस्ट्रीचा सफाई कामगार आणि त्या दिवंगत प्रिंटरचा मदतनीसदेखील त्यावर बसवावा, प्रत्येक वेळी न वाचता ‘नेक्स्ट’ म्हणावे. जुना संगणक ‘आता याच्यात काही दम राहिला नाही’ असे सांगून भाचीला देऊन टाकावा. ती त्यात एसएसडी घालेल, कार्यप्रणाली नव्याने बसवेल आणि दुसऱ्या दिवशी त्यावर अभ्यासाला बसेल. तो किती वेळात सुरू होतो, हे तिला विचारायला जाऊ नका.