दहा नॅनोसेकंद

चूक भाच्याची. दिवाळीनंतर राहायला आला, माझ्या कॉम्प्युटरवर गेम टाकला आणि म्हणाला, मामा तुझी रॅम, म्हणजे मेमरी, ३२०० च्या वेगाची आहे पण चालतेय २४०० वर, दोन वर्षं. म्हणजे दोन वर्षं मी बुलेट घेऊन दुसऱ्या गियरमध्ये इंदिरानगर ते कॉलेज रोड करत होतो. एमजी रोडवरून रॅम घेताना कोणी सांगितलंच नाही की बायोसमध्ये (म्हणजे विंडोजच्याही आधीच्या, बोर्डाच्या सेटिंगमध्ये) जाऊन एक्सएमपी, म्हणजे रॅमचं कंपनीने ठरवलेलं वेगाचं सेटिंग, चालू करावं लागतं, नाहीतर बोर्ड बिचारा १.२ व्होल्टवर सावकाश चालवतो.

एक्सएमपी चालू केलं. ३२००, टायमिंग (उत्तर द्यायला रॅम घड्याळाचे किती टोले घेते ते) १६-१८-१८-३८, व्होल्टेज १.३५. पहिल्या फटक्यात चाललं. शहाण्या माणसाने इथे उठून जेवायला जावं.

पण शनिवारची रात्र, बायको माहेरी, निफाडचा पारा उतरलेला म्हणजे आमच्याकडेही दात वाजत होते, मला वाटलं एवढ्या थंडीत रॅम काय गरम होणार, ३६०० करून बघू. नियम मला पाठ होते, म्हणजे एका वेळी एकच गोष्ट बदलायची, व्होल्टेज ०.०१ ने वाढवायचं, दर वेळी टेस्ट घ्यायची. ते मी साधारण साडेदहापर्यंत पाळले. मग ३६००, टायमिंग १६ च ठेवलं, व्होल्टेज थेट १.४० आणि सेव्ह.

स्क्रीन काळी. पंखे फिरतायत, लाईट लागलीय, बाकी काही नाही. नवीन सेटिंग टाकलं की बोर्ड रॅमला आधी ट्रेनिंग देतो, म्हणजे त्या वेगाला जुळवून बघतो, वेळ लागतो, हे माहीत होतं म्हणून थांबलो. पंखे बंद झाले, परत सुरू झाले. तीनदा. आईने आतून विचारलं, "मिक्सर लावलास का रे एवढ्या रात्री?"

शेवटी पिन काढली, कॅबिनेट आडवं पाडलं आणि बोर्डावरची सीआर २०३२ बटण बॅटरी शोधली, ती काढली की बायोसची सेटिंगं पुसली जातात. ती नेमकी ग्राफिक्स कार्डाच्या खाली. बोट जाईना. चिमटा सापडेना. आईच्या पूजेच्या तबकातली पळी घेतली (आईला सांगितलेलं नाही), दांड्याने क्लिप दाबली तर बॅटरी टुणकन उडून सोफ्याखाली. टॉर्च, झाडू, शेंगदाण्याचं एक टरफल, मग बॅटरी. पाच मिनिटं थांबून परत बसवली, बटण दाबलं आणि बायोस उघडलं तेव्हा आलेलं हसू मी बारावीच्या निकालाला पण हसलो नव्हतो.

मग अक्कल आली. ३६०० ला टायमिंग १८ ठेवलं तर चालेल असं वाटलं, म्हणून आधी एका लग्नपत्रिकेच्या मागे हिशोब मांडला. ३२०० ची रॅम म्हणजे, टोल्याला दोनदा डेटा जातो म्हणून, घड्याळ १६०० मेगाहर्ट्झ, त्यात १६ टोले म्हणजे १० नॅनोसेकंद. ३६०० म्हणजे १८०० मेगाहर्ट्झ, १८ टोले, परत १० नॅनोसेकंद. सेकंदाला जाणारा डेटा थोडा वाढतो हे खरं, पण उशीर तेवढाच. रात्री दोन वाजता, हातात पळी, आणि हे कळतं.

गपचूप ३२०० वर आलो, १.३५ व्होल्ट, पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट, म्हणजे रॅम तपासणारा प्रोग्राम, लावली आणि झोपलो. सकाळी उठून बघतो तर सगळे पास पूर्ण, एरर शून्य. अंगात दोन मिसळी खाल्ल्यासारखी उब आली.

चहा घेऊन विंडोज उघडलं, लाईटबिल भरायचं होतं. साईट उघडेचना, कनेक्शन सुरक्षित नाही म्हणे. दुसरी साईट, तेच. म्हटलं रॅमच गंडली. दहा मिनिटं केबल उपटत बसलो, मग कोपऱ्यातली तारीख दिसली. बॅटरी काढल्यावर घड्याळ पुसलं गेलेलं.

आई मागे उभी. "काय झालं?"

"काही नाही गं, त्याला वाटतंय की २०२० चालू आहे."

आईने कप खाली ठेवला. "परत? बंद कर ते आधी!"