राजीनामा टाईप करण्याआधी पासबुक उघडा

सकाळपासून तोच व्हिडिओ तिसऱ्यांदा आला. चाळिशीत नोकरीवर लाथ मारून शेतात उभा राहिलेला माणूस, मागे बासरी. ‘आत्ता नाही तर कधी?’

आणि नेमके आजच दुपारी एक गृहस्थ समोर येऊन बसले. वय ४६, चाकणला चौथी कंपनी, पाचवीचं ऑफर लेटर खिशात. पीएफचं पासबुक उघडलं. साडेएकोणीस वर्षं घाम गाळलाय आणि पेन्शनला धरली जाणारी नोकरी फक्त चार वर्षांची!

बाकीची वर्षं गेली कुठे? प्रत्येक कंपनी सोडल्यावर एजंट गाठला, फॉर्म १९ भरून पीएफ उचलला आणि त्याच दिवशी पेन्शनचा जमा पैसा काढायच्या १०सी फॉर्मवरही सही केली. १९ने शिल्लक जाते, १०सीने वर्षं जातात. एजंट हे कशाला सांगेल? कंपनी पीएफला भरते त्या १२ टक्क्यांतले ८.३३ टक्के पेन्शनकडे वळतात, पगाराच्या १५ हजारांच्या मर्यादेवर महिना १,२५० रुपये. एकूण दहा वर्षं भरली की ५८व्या वर्षी पेन्शन लागू. दहा वर्षं एकाच कंपनीत काढायची गरज नाही, यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, एकच ठेवून खातं ट्रान्सफर केलं की वर्षं जोडली जातात. मधे मोठा खंड पडणार असेल तर १०सीवरच पैशांऐवजी स्कीम सर्टिफिकेट, म्हणजे भरलेली वर्षं जपणारा कागद, मागता येतं. त्या चौकोनात टिक कोणी करत नाही.

हो, माहितीय, रक्कम किरकोळ आहे. पगाराची मर्यादा १५,००० गुणिले १० वर्षं भागिले ७०, म्हणजे महिना २,१४३ रुपये. हसा. पण दहा वर्षं भरलेला माणूस पेन्शन लागण्याआधीच गेला तर बायकोला पेन्शन मिळतं. मग हसू येत नाही.

पंचविशीतल्या पोरांनो, तुम्ही खुशाल उड्या मारा, वयच ते आहे. फक्त पीएफला हात लावू नका. सलग पाच वर्षं व्हायच्या आत काढलात तर त्यावर कर लागतो, रक्कम ५० हजारांच्या वर असेल तर १० टक्के टीडीएस आधीच कापतात. ट्रान्सफर केलं तर मागची नोकरी या पाच वर्षांत धरतात. आणि नोकरी सोडल्याची तारीख पीएफच्या पोर्टलवर चढलीय का ते बघा. कंपनीने चढवली नाही तर शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी ती तुम्हालाच टाकता येते. ट्रान्सफर बहुतेक वेळा इथेच अडकतं, नाहीतर आधारवरच्या नावाच्या स्पेलिंगमध्ये.

पस्तिशीत घरकर्ज घ्यायचं असेल तर आधी कर्ज, मग राजीनामा. बँक पगाराच्या स्लिपा बघते. धंदा सुरू केलात की दोन-तीन वर्षांची रिटर्न्स मागते. कंपनीचा आरोग्य विमा शेवटच्या दिवशी संपतो, आणि स्वतःच्या पॉलिसीत जुन्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. म्हणजे पॉलिसी नोकरीत असतानाच घ्यायची. शुगर निघाल्यावर नाही.

परत त्या गृहस्थांकडे येतो, कारण खरा राग पुढेच आहे. दुसरी कंपनी सोडली तेव्हा साडेचार वर्षं झाली होती. नवी कंपनी म्हणाली, लगेच या, नोटीस पिरियडचे पैसे आम्ही भरतो. हे खूश! ९० दिवसांची नोटीस कामावर राहून काढली असती तर पावणेपाच वर्षं झाली असती. ग्रॅच्युइटी म्हणजे पाच वर्षं झाली की नोकरी सोडताना कंपनी देते ती रक्कम. पाचव्या वर्षात २४० दिवस भरले तरी ती द्यावी असं मद्रास उच्च न्यायालयाने म्हटलंय. सगळ्या कंपन्या मानत नाहीत, पण भांडायला जागा तरी राहिली असती. बेसिक २६,००० होतं. महिन्याचे २६ दिवस धरून भागिले २६, गुणिले १५ दिवस, म्हणजे नोकरीच्या दर वर्षाचे १५,०००. सहा महिन्यांच्या वरचं वर्ष पूर्ण धरतात, म्हणजे पाच वर्षांचे ७५,०००. पगारवाढ मिळाली तीन हजारांची. पंचवीस महिने तर तोटा भरून काढण्यातच गेले.

वर त्या ‘पॅकेज’मध्ये ग्रॅच्युइटीचे बेसिकच्या ४.८१ टक्के आणि कंपनीचा पीएफही मोजलेला. हातात काय पडणार ते विचारा हो, लाजता कशाला?

साहेब छळतोय, पगार तीन महिने थकलाय, बीपी वाढलंय, तर सोडा. तिथे हिशेब बघत बसू नका, एवढं मान्य.

त्यांना रागावलो नाही. त्यातले दोनदा पैसे काढले ते बहिणीच्या लग्नाला आणि वडिलांच्या ऑपरेशनला. कुठल्या तोंडाने बोलणार?

वय ४६, चार वर्षं जमा, अजून सहा हवीत. म्हणजे ५२. जमतंय. नवी नोकरी घ्या म्हटलं, पण जुन्या खात्याला हात न लावता. नव्या ठिकाणी हाच यूएएन द्या आणि चालू आर्थिक वर्षातला इथला पगार त्यांना लेखी कळवा. नाहीतर दोन्ही कंपन्या आपापल्या परीने कमी कर कापतात आणि रिटर्न भरताना व्याजासकट बिल येतं. घरच्यांची पॉलिसी याच महिन्यात.

आधारवर आडनाव एका स्पेलिंगचं, पीएफला दुसऱ्याच. उद्या अकराला दोन्ही घेऊन बोलावलंय.