कांदा झाला

मी पोटापाण्यासाठी वेळापत्रकं करतो. कुठलं काम कोणी, कधी सुरू करायचं, ते कधी संपायला हवं आणि संपलं नाही तर कोणाकडे रोखून बघायचं, हे सगळं चौकटी आखून ठरवायचं, हा माझा धंदा. आमच्याकडे कामं वेळेवर होतात असं नाही, पण ती किती उशिरा झाली हे अगदी वेळेवर कळतं.

त्यामुळे सणाच्या दिवशी अकरा माणसांचं जेवण मी एकट्यानं करणार, असं मी जाहीर केलं तेव्हा माझी मदार हाताच्या चवीवर नव्हती, चौकटींवर होती. तसा रोजचा स्वयंपाक मला येतो. भात येतो, अंडी येतात, कालच्या उरलेल्याचं आज काहीतरी वेगळ्या नावानं वाढता येतं. परीक्षेच्या दिवसांत रात्री दहा वाजता मुलगी लोणी घालून कुस्करलेला बटाटा मागते, तोही जमतो. पण हे सगळं बिननावाचं, घरच्या कपड्यातलं जेवण. सणाचं जेवण म्हणजे प्रकल्प, आणि प्रकल्प म्हटलं की मला चेव येतो.

बायको म्हणाली, "बरं."

या 'बरं'चा अर्थ लावायला सतरा वर्षांचा संसार पुरत नाही.

आईनं विचारलं, "आदल्या दिवशी काय काय करून ठेवणार आहेस?"

"काही नाही. सगळं ताजं, सगळं त्याच दिवशी."

"अस्सं," आई म्हणाली. आणि सणाच्या सकाळी खुर्ची ओढून ओट्यासमोर येऊन बसली. नाटकाचं पहिल्या रांगेतलं तिकीट मिळालेला माणूस जसा हात मांडीवर ठेवून बसतो, तशी.

बेत असा होता: कांद्याचं सूप, राजमा, ओव्हनमध्ये भाजलेले बटाटे, भात आणि शेवटी केक. प्रत्येक कृतीच्या डोक्यावर वेळ दिलेला होता. 'पूर्वतयारी 10 मिनिटं, शिजवणे 25 मिनिटं' वगैरे. मी सगळ्यांची बेरीज केली, एक वाजता पानं वाढायची म्हणून तिथून उलटं मोजत आलो आणि प्रत्येक टप्प्याला फोनमध्ये गजर लावला. साधा नव्हे, नाव मोठ्यानं वाचून दाखवणारा. 'राजमा कुकरला.' 'केक ओव्हनमध्ये.' 'कांदा झाला.' 'स्वयंपाकघर आवरणे.' 'वाढणे.' आणि तीन वाजता, स्वतःच्या लाडाखातर, 'विश्रांती'.

नऊ वाजता फोन म्हणाला, "राजमा कुकरला." मी राजम्याचं पाकीट फोडलं आणि कृती पुन्हा वाचली. साहित्यात लिहिलं होतं: अर्धा किलो राजमा, भिजवलेला.

इथे मला पाककृती लिहिणाऱ्यांचं गुपित कळलं. ते वेळ लपवत नाहीत, तो विशेषणांत पेरून ठेवतात. भिजवलेला, सोललेले, किसलेलं, चिरलेले, खोलीच्या तापमानाला आणलेलं. व्याकरणात यांना धातुसाधित विशेषणं म्हणतात. या प्रत्येक शब्दात कोणीतरी, कधीतरी, बराच वेळ राबलेलं असतं, पण वाक्यात त्याचं नाव येत नाही. कृतीतलं घड्याळ सुरू होतं ते हे अनाम राबणारं माणूस हात धुऊन निघून गेल्यावर. 'भिजवलेला' या एका शब्दात निदान आठ तासांची रात्र होती.

मी पाकिटाकडे बघत उभा राहिलो. आई उठली, फ्रीज उघडला आणि मागच्या बाजूनं झाकलेलं पातेलं काढून ओट्यावर ठेवलं. राजमा. टपोरा, भिजलेला.

"हे कधी केलंस?"

"तू वेळापत्रक करत होतास तेव्हा."

एवढ्यावर सुधारावं की नाही? पण माझं पाच मिनिटांचं नुकसान झालं होतं आणि ते भरून काढायला मी आमच्या धंद्यातली जुनी युक्ती वापरली: दोन टप्पे एकत्र करायचे. टोमॅटो नंतर घालायचे होते, ते राजम्याबरोबरच कुकरमध्ये लोटले. आईनं तोंड उघडलं आणि मिटलं.

आता मला माहीत आहे की टोमॅटोच्या आंबटपणानं कडधान्यांच्या पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन लवकर विरघळत नाही, त्यामुळे दाणे मऊ व्हायचे नाव घेत नाहीत. तेव्हा मात्र एवढंच दिसत होतं की कुकर शिट्ट्यांवर शिट्ट्या देतोय आणि झाकण उघडलं की राजमा जसाच्या तसा, ताठ मानेनं बसलेला. बरं, झाकण उघडणं हेही एका मिनिटाचं काम नाही. आतली वाफ आपली आपण उतरेपर्यंत वाट बघायची, हा वेळ कोणाच्याच कृतीत नसतो. आणि शिट्टी हे काय माप आहे? एका कुकरची शिट्टी दुसऱ्याला लागू नाही. ज्या धंद्यात प्रत्येकाचा तास वेगळ्या लांबीचा असेल तिथे वेळापत्रक कसं करायचं?

दुनी पापँ नावाच्या फ्रेंच गृहस्थानं 1679 साली कुकरचा पूर्वज बनवला. आत वाफ कोंडली की पाणी 100 अंशांवर अडत नाही, आजच्या कुकरमध्ये साधारण 120 अंशांपर्यंत जातं, सगळी करामत ती. 1682 साली त्यानं लंडनच्या रॉयल सोसायटीच्या विद्वानांना या यंत्रातलं जेवण वाढलं आणि म्हणे त्यात हाडंसुद्धा मऊ झाली होती. हाडं! त्यानं टोमॅटो घातले नसणार.

मग मुलीनं फोनवर काहीतरी वाचलं आणि म्हणाली, "बाबा, कच्चा राजमा विषारी असतो." अकरा माणसं जेवायला येणार असताना ऐकण्यासारखं वाक्य नाही हे. खरं होतं ते. राजम्यात लेक्टिन नावाचं एक प्रथिन असतं. भिजवलेलं पाणी फेकून दाणे निदान 10 मिनिटं खळखळून उकळले नाहीत तर उलट्या व्हायला मूठभर पुरतो. नुसता मंद, कोमट शिजवला तर अधिकच वाईट. कुकरच्या उष्णतेत तो धोका कधीच टळला होता. आता फक्त दातांना होता.

या गडबडीत कांद्यांकडे माझं दुर्लक्ष झालं होतं. दोन किलो कांदे, कृतीच्या भाषेत 'पातळ चिरलेले'. चौथ्या कांद्याला मला समोरचं दिसेनासं झालं. कांदा कापला की त्याच्या फुटलेल्या पेशींतून गंधकाचा एक वायू निघतो आणि तो थेट डोळ्यांत येतो, एवढं शाळेत शिकलो होतो. तो तासभर निघत राहू शकतो, हे शाळेनं सांगितलं नव्हतं.

"चिरायच्या आधी जरा वेळ फ्रीजमध्ये ठेवायचे," आई म्हणाली.

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"तुझ्या तक्त्यात मला बोलायला वेळ कुठे ठेवलायस?"

शेवटी एकदाचे सगळे कांदे कढईत पडले आणि मी गॅस पेटवला. पाच मिनिटं झाली, काही नाही. तेवढ्यात फोन आनंदानं ओरडला, "कांदा झाला!"

कढईत पांढऱ्या फडक्यांसारखा ढीग होता. झाला म्हणण्यासारखं त्यात एकच होतं, घाम फुटला होता, तोही मला.

'कांदा सोनेरी होईपर्यंत 8 ते 10 मिनिटं परतावा' हे वाक्य पहिल्यांदा ज्यानं लिहिलं त्यानं आयुष्यात एक तर कांदा पाहिला नसावा किंवा सोनं तरी. कांद्यात जवळजवळ 89 टक्के पाणी असतं. म्हणजे माझ्या दोन किलोंत पावणेदोन किलोंच्या वर पाणीच होतं. ते बरंचसं उडून जाईपर्यंत कढईतला माल 100 अंशांच्या फार वर सरकत नाही, आणि रंग नि वास ज्यामुळे येतो ती प्रक्रिया झपाट्यानं व्हायला त्याहून बरीच जास्त उष्णता लागते, 140 अंशांच्या आसपास. ती प्रक्रिया 1912 साली मायार नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं मांडली, म्हणून तिला त्याचं नाव. थोडक्यात, मी कांदा परतत नव्हतो, तळं आटवत होतो.

मी आच मोठी केली. तळाचा कांदा करपला, वरचा पांढराच राहिला. मुलगी म्हणाली, चिमूटभर सोडा घातला की लवकर रंग येतो. हेही खरं आहे. पण चिमटी माझी होती आणि घाई तक्त्याची. कढईच्या एका कोपऱ्याचा पिवळट लगदा झाला. करपलेला आणि लगदा झालेला भाग काढून टाकला, उरलेला कांदा मंद आचेवर ठेवला. पण तीन शेगड्यांपैकी एकीवर राजमा ताठ मानेनं बसलेला, दुसरीवर भात, आणि तिसरी मधूनमधून दुसऱ्या कशाला तरी लागायची. त्यामुळे कांदा बिचारा अधूनमधून खाली उतरून थंड होत बसे आणि मग पुन्हा पहिल्यापासून.

ओव्हनचं फार बोलण्यात अर्थ नाही. केकला 180 अंश हवे होते, बटाट्यांना 220, आणि ओव्हन एकच. तक्त्यात ते शेजारशेजारच्या चौकटींत होते म्हणून मला वाटलं जमेल. मी केक झाला का हे बघायला तीनदा दार उघडलं. तिसऱ्यांदा केकनं मध्यभागी मान टाकली. बायकोनं त्या खळग्यात फळांचे तुकडे भरले आणि तो केक तसाच असतो असा चेहरा केला.

सव्वाबाराला आत्या आणि मंडळी आली. साडेबाराला फोन म्हणाला, "स्वयंपाकघर आवरणे." आत्यानं दारातूनच ओट्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "अरे, फोनलासुद्धा दया येते रे."

बारा पन्नासला भात झाला. ठरल्या मिनिटाला, मोकळा, देखणा. सगळ्या प्रकल्पात वेळेवर झालेला हा एकमेव पदार्थ. अशा माणसाचं ऑफिसातही काही खरं नसतं. बाकीच्यांची वाट बघत त्याला थंड व्हावं लागतं.

एक वाजता फोन म्हणाला, "वाढणे."

दहा माणसं टेबलाभोवती बसून माझ्याकडे बघत होती. खाण्याच्या अवस्थेत कोरडा भात होता आणि केक होता. मी केक वाढला.

कोणी काही बोललं नाही. आत्यानं केक खाल्ला, पाणी प्यायली आणि हात धुवायला उठायला लागली. तिला परत बसवलं. पावणेदोनला बटाटे आले. ते ओव्हनचे नव्हते. बायकोनं केव्हातरी ते न बोलता बारीक चिरून, उकडून, लोणी घालून कुस्करले होते. परीक्षेच्या रात्रीचे बटाटे. मुलगी म्हणाली, "बाबा, आता खरं जेवण." मंडळींनी ते भाताबरोबर संपवले. राजमा अडीचला मऊ झाला, किंवा आम्ही सगळ्यांनीच तो मऊ झाला असं ठरवलं.

आईनं त्या दिवसात घड्याळाकडे एकदाच पाहिलं. पावणेतीन वाजता ती आपणहून उठून ओट्याशी आली, उरलेला भात पसरट डब्यात काढला आणि फ्रीजमध्ये टाकला. "भात फार वेळ बाहेर ठेवू नये," एवढंच म्हणाली. नंतर मी वाचलं: तांदळावर एका जीवाणूचे बीजाणू असतात, ते शिजवूनही मरत नाहीत, आणि भात कोमट राहिला की त्यांचं फावतं, म्हणून दोन तासांच्या आत तो थंड जागी जायला हवा. बारा पन्नास ते पावणेतीन. पाच मिनिटं हातची राखून. मी या बाईला वेळापत्रक दाखवत होतो.

तीन वाजता फोन म्हणाला, "विश्रांती." आणि अगदी त्याच क्षणी कढईतून तो वास आला. कांदा झाला होता. दोन किलोंचा जेमतेम वाटीभर, गडद, चकचकीत. त्याचं सूप करून मी वीस मिनिटांनी सगळ्यांसमोर ठेवलं.

"हल्ली सूप शेवटी देतात का रे?" आत्यानं विचारलं.

"हो आजी," मुलगी म्हणाली. "केकपासून सुरू करतात."

आत्यानं दोनदा मागून घेतलं. म्हणाली, याला किती वेळ लागतो? मी काही बोलायच्या आत बायको म्हणाली, "पाच मिनिटं."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मोठी बैठक होती. पडद्यावर माझा नवा तक्ता लागला होता, वर्षभराचं काम, रंगीत चौकटी, प्रत्येक टप्प्याची तारीख. मी तिसऱ्या टप्प्यावर आलो होतो. गजर लावताना मी 'रोज' असं निवडलं होतं, हे मला तेव्हा कळलं.

"कांदा झाला!" फोन ओरडला.

सगळे गप्प. मॅडमनी चष्मा काढला.

"किती होता?"

"दोन किलो."

"आणि किती वेळ धरला होतात?"

खोटं बोलायला सुचलं नाही. "दहा मिनिटं."

"एकाच कढईत?"

मी मान हलवली. मॅडमनी चष्मा पुन्हा लावला, पडद्यावरच्या चौकटींवरून पहिल्यापासून शेवटपर्यंत सावकाश नजर फिरवली आणि म्हणाल्या, "या सगळ्या तारखा परत एकदा बघून आणा."